गॅलरीत कला, स्टेशनात गुन्हा

डिसेंबर १९८३ मध्ये न्यूयॉर्कच्या सिडनी जॅनिस गॅलरीत ‘पोस्ट-ग्राफिटी’ हे समूह प्रदर्शन भरले. १९६२ मध्ये वॉरहोल, लिक्टेन्स्टाइन यांची पॉप चित्रे एकत्र मांडणारी हीच गॅलरी. आता तिथे क्रॅश, डेझ, लेडी पिंक, बास्किया, कीथ हॅरिंग होते. भुयारी रेल्वेचे डबे आणि रस्त्यावरच्या भिंती रंगवणाऱ्या पोरांचे काम श्रीमंतांच्या दिवाणखान्यात जाऊ लागले.

त्याआधी तीनच महिने, १५ सप्टेंबरला, मायकेल स्टुअर्ट या २५ वर्षांच्या कृष्णवर्णीय तरुणाला त्याच शहरात रेल्वे पोलिसांनी पकडले. आरोप काय, तर स्टेशनच्या भिंतीवर लिहिल्याचा. ताब्यात असतानाच तो कोमात गेला आणि २८ सप्टेंबरला मरण पावला. १९८५ मध्ये ज्यूरीने सहाही पोलिसांना निर्दोष सोडले. ज्यूरीतले सगळे गोरे होते.

बास्कियाने ही घटना हॅरिंगच्या स्टुडिओच्या भिंतीवरच रंगवली: दोन पोलीस, उगारलेल्या लाठ्या, मध्ये एक काळी आकृती. २०१९ मध्ये गुगेनहाइम संग्रहालयाने त्या चित्राभोवती प्रदर्शन उभे केले.

शहर तेच, रंगही तोच. बदलली ती भिंतीची मालकी. बाजाराला बंडखोरी विकत हवी असते, बंडखोर माणूस सुरक्षित राहावा याची त्याला फिकीर नसते. गॅलरीत जागा मिळणे हे प्रतिनिधित्व आहे आणि ते मिळालेच पाहिजे. पण प्रतिनिधित्व म्हणजे न्याय नव्हे.

म्हणून मित्रांनो, असे प्रदर्शन पाहताना भिंतीवर कोणाची नावे आहेत एवढ्यावर थांबू नका. त्याच वस्तीतला पोरगा रात्री सुखरूप घरी पोहोचतो का, हेही विचारा.