आधी शोध, मग निवाडा

रिडली स्कॉट यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘ब्लेड रनर’ या १९८२ सालच्या चित्रपटावरून वेस्टवुड स्टुडिओज या अमेरिकन संस्थेने १९९७ साली त्याच नावाचा संगणकीय खेळ तयार केला. त्यातील रे मॅककॉय हा तपासनीस लॉस एंजेलिस शहरात, हुबेहूब माणसांसारख्या दिसणाऱ्या कृत्रिम मानवांचा शोध घेतो.

संशयितांपैकी कित्येक जण माणूस की कृत्रिम मानव, हे प्रत्येक नव्या खेळाच्या वेळी संगणक नव्याने ठरवतो. ‘मग एकदा शोधलेल्या उत्तराचा उपयोग काय?’ असे एखादा खेळाडू विचारील. परंतु हाच या खेळाचा खरा गुण होय. येथे पाठांतर कामास येत नाही. छायाचित्रे बारकाईने न्याहाळावी लागतात, संशयितांना प्रश्न विचारून त्यांची परीक्षा घ्यावी लागते. घाईने बंदूक चालवणाऱ्याच्या हातून निरपराध्याचा जीव जाऊ शकतो.

वर्गात कोणाची लेखणी हरवली, म्हणजे पूर्वी एकदा चुकलेल्या मुलाकडेच साऱ्यांची बोटे वळतात. त्या मुलाच्या मनाला किती यातना होत असतील! कालचा दोष हा आजचा पुरावा नव्हे. ज्या खेळात ही गोष्ट कळते, तो केवळ करमणुकीचा खेळ म्हणता येणार नाही.