सहा मिलिमीटरचा डोंगर



इंग्लंडच्या उत्तरेला काफ टॉप नावाचा एक डोंगर आहे. म्हणजे, २०१६ पासून डोंगर आहे. त्याआधी तो टेकडी होता. इंग्लंड-वेल्समध्ये दोन हजार फुटांच्या वर जाईल तो 'माउंटन' आणि खाली राहील ती 'हिल', असा एक जुना संकेत आहे. दोन हजार फूट म्हणजे ६०९.६ मीटर. ऑर्डनन्स सर्व्हे ह्या इथल्या सरकारी नकाशा खात्यानं २०१६ साली काफ टॉपची उंची ६०९.६०६ मीटर धरली आणि सहा मिलिमीटरनं टेकडीचा डोंगर झाला. सहा मिलिमीटर, म्हणजे साधारण एका भाकरीची जाडी!

त्यातही गंमत अशी की डोंगर वाढलेला नव्हता. बदललं होतं ते समुद्रसपाटी काढायचं गणित. जुन्या गणितानं तो दोनेक सेंटिमीटर कमी भरत होता, नव्या गणितानं पुरून उरला.

हे मी फोनवर नाशिकच्या मामाला सांगितलं. मामानं उभं आयुष्य रस्त्यांच्या कामावर काढलेलं, डंपी लेव्हल लावता लावता केस पांढरे झालेले. वाटलं, खूश होईल. तर म्हणाला, "अरे, आम्ही लेव्हल लावायचो ती पाणी कुठल्या बाजूला जाईल ते बघायला. डोंगरावर चढून सहा मिलिमीटर मोजले, त्यानं कुणाचं काय भलं झालं?"

प्रश्न रास्त आहे. पण माझं मत वेगळं आहे, आणि ते फोनवर सांगता येत नाही (मामा मधे बोलू देत नाही). म्हणून इथे लिहितोय.

आधी ही मोजणारी माणसं कोण ते सांगतो. जॉन बर्नार्ड, ग्रॅहम जॅक्सन आणि मर्दिन फिलिप्स हे तिघे हौशी लोक. त्यांना कुणी पाठवलं नव्हतं. वेल्समध्ये मनिद ग्राइग गोख नावाचा डोंगर आहे (अर्थ साधारण 'तांबड्या कड्याचा डोंगर', आपल्याकडे असता तर तांबडकडा म्हणून मोकळे झालो असतो). नकाशावर त्याची उंची ६०९ मीटर होती, म्हणजे दोन हजार फुटांना जेमतेम कमी. ह्या तिघांना शंका आली. २००८ साली ते यंत्रं पाठीवर घेऊन वर गेले, मोजलं, आणि आकडा आला ६०९.७५. रेषेच्या वर पंधरा सेंटिमीटर, एक वीतसुद्धा नाही. ऑर्डनन्स सर्व्हेनं त्यांची मोजणी तपासली आणि मान्य केली. मला ह्यात सगळ्यात आवडतं ते हे, की सरकारी खात्यानं "तुम्ही कोण सांगणारे?" असं विचारलं नाही. आकडे मागितले, पाहिले आणि स्वीकारले.

आता नकाशावरचा आकडा मुळात चुकतो कसा? तर नकाशावरच्या बऱ्याचशा उंच्या विमानातून काढलेल्या फोटोंवरून ठरवलेल्या असतात. एकाच जागेचे दोन बाजूंनी घेतलेले फोटो शेजारी ठेवून उंची काढायची. हजारो चौरस मैलांसाठी ही पद्धत झकास आहे, पण एखाद्या सुळक्याच्या टोकाला दोन-तीन मीटर इकडेतिकडे होऊ शकतात. रस्ता आखायला, धरण बांधायला तेवढ्यानं काही बिघडत नाही, कारण डोंगराच्या टोकावर कुणी धरण बांधत नाही. म्हणून तो आकडा पन्नास-पन्नास वर्षं तसाच राहतो.

प्रत्यक्ष मोजणी मात्र हाडं गोठवणारी असते. आधी माथ्यावरचा खरोखरचा सर्वोच्च बिंदू शोधायचा. डोळ्यांनी तो कळत नाही. दोन खडक दहा पावलांवर असले की नेहमी समोरचाच उंच वाटतो. मग लेव्हल आणि स्टाफ लावून एकेक दगड तपासायचा (मामा, ऐकतोयस ना?). बिंदू सापडला की त्यावर तिपाई उभी करून उपग्रहांचे संदेश टिपणारा रिसीव्हर बसवायचा आणि साधारण दोन तास त्याला हात लावायचा नाही. आपण बाजूला वाऱ्यात बसायचं. खाली आल्यावर ती नोंद देशभर कायम चालू असलेल्या शंभरावर सरकारी रिसीव्हरांच्या नोंदींशी ताडून बघायची. एवढं केलं की पाचेक सेंटिमीटरच्या आतबाहेर उंची मिळते. ती कशापासूनची? तर कॉर्नवॉलमधल्या न्यूलिन बंदरात १९१५ ते १९२१ अशी सहा वर्षं भरती-ओहोटी मोजून काढलेल्या सरासरी समुद्रपातळीपासूनची.

आणखी एक नियम फार मोलाचा आहे. माणसानं रचलेला ढीग धरायचा नाही. १९९५ साली ह्यू ग्रँटचा एक सिनेमा आला होता. त्यात वेल्समधल्या गावाची टेकडी 'माउंटन' व्हायला थोडी कमी पडते, तर गावकरी माती वाहून वर ढीग घालतात. सिनेमा गोड आहे. पण खऱ्या मोजणीत तो ढीग शून्य. धरायची ती निसर्गानं ठेवलेली जमीन.

इथपर्यंत वाचून वाटेल की हा सगळा बढत्या देण्याचा कार्यक्रम आहे. २०१० साली ह्याच मंडळींनी वेल्समधला ग्लिडर व्हाऊर मोजला, तो ९९९ मीटरचा १०००.८ निघाला आणि हजार मीटरच्या पंगतीत जाऊन बसला. सगळे खूश. पण मला जास्त महत्त्वाच्या वाटतात त्या पदावनती.

स्कॉटलंडमध्ये तीन हजार फुटांवरच्या डोंगरांना 'मन्रो' म्हणतात. सर ह्यू मन्रो ह्यांनी १८९१ साली त्यांची यादी छापली म्हणून हे नाव. (पुढे दीडशे मीटर स्वतंत्र उठाव असलेल्या डोंगरांची वेगळी यादी निघाली, तिला नाव दिलं मर्लिन. मन्रो आणि मर्लिन! इंग्रज माणूस डोंगरावरसुद्धा कोटी सोडत नाही.) सगळे मन्रो चढून पुरे करायला लोकांची आयुष्यं जातात. खुद्द सर ह्यूंचे १९१९ साली वारले तेव्हा सगळे झालेले नव्हते. तर २००९ साली ह्या मोजणाऱ्यांनी स्गूर नन क्यानीखन नावाचा मन्रो मोजला. तो भरला ९१३.४३ मीटर. हवे होते ९१४.४. गेला यादीतून. २०१२ साली बेन अ ख्लाइव मोजला. (दोन्ही उच्चारांची जबाबदारी माझी नाही.) हा फिशरफील्डच्या अगदी निर्जन मुलखात आहे, रस्ता सोडल्यावर तासन् तास चालावं लागतं. तिथल्या सहा मन्रोंची एक प्रसिद्ध दमछाक करणारी फेरी होती, 'फिशरफील्ड सिक्स'. बेन अ ख्लाइव ९१३.९६ भरला. चव्वेचाळीस सेंटिमीटर कमी. सहाचे पाच झाले आणि स्कॉटलंडचे मन्रो २८२ उरले.

इथे लोक हळहळले, आणि त्यांची हळहळ मला समजते. ज्यानं पावसात चौदा तास चालून सहा शिखरं केली त्याला कुणी सांगितलं की त्यातलं एक मोजायचंच नव्हतं, तर त्यानं काय करावं? शिवाय मन्रो नसलेल्या डोंगराकडे माणसं कमी जातात, म्हणजे पायथ्याच्या खानावळीलाही झळ. "राहू दिलं असतं तसंच, काय बिघडलं असतं?" हा आक्षेप मामाच्या आक्षेपाचाच भाऊ आहे.

माझं म्हणणं असं. तीन हजार फुटांची रेष माणसाची आहे, तिला काही अर्थ नाही. पाय बारा इंचांऐवजी तेरा इंचांचा धरला असता तर यादी वेगळी झाली असती. पण डोंगराची उंची ही माणसाची नाही. नकाशावर आकडा छापला म्हणजे आपण एक विधान केलं की ही जागा समुद्रापासून इतकी वर आहे. ते विधान तपासायला जो निकाल काहीही लागो ह्या तयारीनं जातो, तोच खरा मोजणारा. बेन अ ख्लाइववर यंत्र घेऊन जाणारेही डोंगरवेडेच होते. तो मन्रो राहिला असता तर त्यांनाही बरं वाटलं असतं. तरी आकडा आला तो त्यांनी सांगितला. ज्या मोजणीतून फक्त बढत्याच निघतात ती मोजणी नव्हे, सत्कार समारंभ.

आणि खरं सांगायचं तर काफ टॉपच्या बाबतीत मी थोडा मामाच्या बाजूनं आहे. मोजणीतच चार-पाच सेंटिमीटरची अनिश्चितता असताना सहा मिलिमीटरवर डोंगर ठरवणं म्हणजे वजनकाट्याला गहू चिकटलेला असताना सोनं तोलणं. तिथे 'रेषेवर आहे' एवढंच म्हणायला हवं होतं. पण हे मी म्हणू शकतो ते तरी कशामुळे? मोजणाऱ्यांनी उंचीबरोबर तिच्यातली संभाव्य चूकही लिहून ठेवली, म्हणूनच ना!

आता जरा घराकडे. मोजणीत आपण काही मागासलेले नव्हतो. एव्हरेस्टची उंची बिहारच्या मैदानातून, शंभरावर मैल दूर उभं राहून काढली गेली. त्या हिशेबात राधानाथ सिकदार होते आणि १८५६ साली जाहीर झालेला आकडा होता २९,००२ फूट. (गोष्ट अशी सांगतात की उत्तर नेमकं २९,००० आलं होतं, लोकांना अंदाजपंचे वाटेल म्हणून वर दोन फूट घातले.) नागपूरला झिरो माइलपाशी उंची नोंदलेली आहे, १०२०.१७१ फूट. तिथल्या बेंचमार्कवर साल आहे १९०७. फुटाच्या हजाराव्या भागापर्यंत! त्यानंतर दोनच वर्षांनी, १९०९ साली, कराची, मुंबई, कारवार अशा नऊ बंदरांवरच्या समुद्रपातळीवरून देशाची समुद्रसपाटी पक्की झाली.

आणि आज? कळसूबाई १६४६ मीटर, हे आपण शाळेपासून पाठ केलंय. जरा उलटं करून बघा. ५४०० फुटांचे मीटर केले की १६४५.९२ येतात. म्हणजे १६४६. एक गोल, शून्यं असलेला आकडा मीटरमध्ये गेला की कसा अचूक दिसायला लागतो! हरिश्चंद्रगड एका ठिकाणी १४२२ मीटर वाचला, दुसऱ्या ठिकाणी १४२४. गडांची उंची तर सर्रास ३५०० फूट, ४००० फूट अशी असते, जणू सह्याद्री दर्जीनं शिवून दिलाय. एकानं लिहिलं, दुसऱ्यानं उतरवलं, तिसऱ्यानं त्यात मोबाइलवरचा आकडा घातला.

मोबाइलची तर वेगळीच तऱ्हा. उपग्रह जी उंची देतात ती समुद्रापासूनची नसते, पृथ्वीच्या गणिती अंडाकृतीपासूनची असते. ब्रिटनमध्ये समुद्रसपाटी त्या अंडाकृतीच्या पन्नासेक मीटर वर आहे. आपल्याकडे उलट. भारताच्या दक्षिणेला गुरुत्वाकर्षणामुळे समुद्राला मोठा खोलगा पडलाय आणि त्याच्या उतारावर महाराष्ट्र बसलाय. आपली समुद्रसपाटी अंडाकृतीच्या साठेक मीटर खाली. म्हणजे दुरुस्ती न करता नुसता उपग्रहाचा आकडा वाचला तर कळसूबाई वीस मजल्यांनी बुटकी होते. कॉलेजच्या ग्रुपवर दर पावसाळ्यात कुणीतरी "अरे, शिखर तर १५८० चंच आहे!" असा फोटो टाकतो, त्यामागे हे असतं. :)

पूर्वी असली मोजणी करायची तर परवानग्यांचं जंगल होतं. फेब्रुवारी २०२१ च्या धोरणानं भारतीय माणसाला आणि संस्थेला ते बरंच मोकळं केलं. सर्व्हे ऑफ इंडियाची कायम चालणारी रिसीव्हर केंद्रंही आता देशभर आहेत. म्हणजे इथल्या त्या तिघांकडे जे होतं ते आपल्याकडेही आहे. सह्याद्रीत दर रविवारी हजारो माणसं चढतात, त्यात सिव्हिलवाले शेकड्यांनी असतील. इंजिनिअरिंग कॉलेजांमध्ये यंत्रं पेटीत पडून असतात. एका ट्रेकिंग ग्रुपनं आणि एका कॉलेजनं मिळून सुरुवात करावी, असं माझं म्हणणं आहे. साल्हेर, कळसूबाई, तारामती. आकडा काय आला, कसा काढला आणि त्यात किती चूक असू शकते, हे तिन्ही लिहावं. कळसूबाई पाच मीटरनं खाली आली तरी लिहावं.

मामाला हे ऐकवल्यावर पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग म्हणाला, "कळसूबाईला तिपाई लावणार कुठे? टोकावर तर देऊळ आहे."

बरोबर आहे. नियमानं जमीन धरायची, देऊळ नाही. पण सर्वोच्च जमीन बहुतेक देवळाच्या जोत्याखाली गेलेली. मग रिसीव्हर जरा बाजूला उघड्या खडकावर लावायचा, देवळाच्या भिंतीनं आणि लोखंडी कठड्यानं संदेश अडणार नाहीत इतका लांब, आणि तिथून लेव्हलनं उंबऱ्यापर्यंतचा फरक काढायचा. मंगळवार नको, दर्शनाला गर्दी असते. अभयारण्य आहे, म्हणून वनखात्याचं पत्र आधी घ्यायचं. आणि दोन तास कुणी तिपाईला हात लावणार नाही, एवढं पुजाऱ्यांना सांगून ठेवायचं.