गोठ्यातील खपली आणि रोगाची वंशावळ

सन २०२२ च्या पावसाळ्यात लम्पी त्वचारोगाने आपल्या वाशिम जिल्ह्यातील गोठ्यांत प्रवेश केला. त्या वर्षीची राज्यातील पहिली नोंद ऑगस्ट महिन्यात जळगाव जिल्ह्यातील रावेर तालुक्यात झाली आणि थोड्याच दिवसांत रोग वऱ्हाडात पसरला. जनावरांचे बाजार बंद झाले, ने-आण थांबली. शासनाने मोफत लसीकरण केले आणि दगावलेल्या गाईमागे ३० हजार, बैलामागे २५ हजार व वासरामागे १६ हजार रुपये साहाय्य दिले. परंतु ऐन हंगामात जोडीतला एक बैल गेला म्हणजे शेतकऱ्याचे काय होते, हे त्या रकमेने मोजता येत नाही.

त्या दिवसांत एका गोठ्यात पशुवैद्यकीय अधिकारी आजारी गोऱ्ह्याच्या अंगावरील गाठीची खपली नमुना म्हणून घेत होते. मी सोबत होतो. घरमालक म्हणाले, “साहेब, औषध द्यायचे सोडून ही खपली कशाला नेता? मागेही एकदा नमुना नेला होता. पुढे काय झाले ते कोणी सांगितले नाही.” या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर त्या दिवशी मला देता आले नाही. ते आज देण्याचा प्रयत्न करीत आहे. मी पशुवैद्य नाही, कृषी शाखेचा पदवीधर आहे. तरी हा विषय शेतकऱ्याला समजावा इतका सोपा निश्चित आहे.

खोंड विकत घेताना आपण त्याची माय कोणती, वळू कोणता, हे विचारतो. रोगाच्या विषाणूलाही अशीच वंशावळ असते. लम्पीच्या विषाणूत सुमारे दीड लाख अक्षरांची एक लिपी असते. एका विषाणूपासून दुसरा निर्माण होताना या लिपीत क्वचित एखादे अक्षर बदलते. निरनिराळ्या गावांच्या नमुन्यांतील अक्षरे ताडून पाहिली की, कोणता विषाणू कोणाचा भाऊबंद आणि तो कोणत्या वाटेने आला असावा, याचा अंदाज बांधता येतो. गव्हाच्या तांबेऱ्याचा अनुभव आपल्याला आहेच. तांबेऱ्याची जात बदलली की काल तग धरणारे वाण आज बळी पडते. म्हणून रोगाची जात सतत तपासत राहणे हे पिकांत जितके आवश्यक, तितकेच पशुधनातही आवश्यक आहे.

या अभ्यासाचा उपयोग केवळ प्रयोगशाळेपुरता नाही. २०२२ मध्ये अनेकांनी विचारले की, शेळीच्या देवीची लस गाईला कशासाठी? उत्तर वंशावळीतच आहे. शेळीच्या देवीचा विषाणू आणि लम्पीचा विषाणू हे जवळचे भाऊबंद असून त्यांची लिपी सुमारे ९७ टक्के सारखी आहे. त्यामुळे एकाची लस दुसऱ्यापासून संरक्षण देऊ शकते. पुढे खास लम्पीसाठी देशी लस तयार झाली. हिसारचे राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र आणि इज्जतनगरची भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था यांनी ती ऑगस्ट २०२२ मध्ये जाहीर केली. तिचा मूळ विषाणू २०१९ साली रांची येथे मिळाला होता. म्हणजे त्या लसीचा आरंभ एका आजारी जनावराच्या नमुन्यात आहे.

लाळ्या-खुरकूत रोगाचे उदाहरणही ध्यानात घ्यावे. त्याच्या विषाणूचे अनेक प्रकार आहेत आणि एका प्रकाराची लस दुसऱ्या प्रकारावर चालत नाही. आपल्याकडील लसीत आज ‘ओ’, ‘ए’ आणि ‘आशिया-१’ असे तीन प्रकार असतात. ‘सी’ हा चौथा प्रकार १९९५ नंतर देशात आढळला नाही, म्हणून तो वगळण्यात आला. बाटलीत काय भरावे, हे अशा रीतीने गोठ्यातून गेलेले नमुने ठरवीत असतात.

आता लम्पीची ताजी कथा पाहा. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेने गुजरात, महाराष्ट्र, राजस्थान व कर्नाटक या राज्यांतून घेतलेले २२ नमुने वाचले आणि २०२४ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांत विषाणूचे दोन गट दिसले. एक गट रांची व हैदराबाद येथील आधीच्या विषाणूंशी जुळणारा, तर दुसरा २०१५ साली रशियात आढळलेल्या विषाणूंशी जुळणारा निघाला. म्हणजे आपल्या देशात एकाच वेळी दोन वंशांचे विषाणू वावरत होते. देशातील गोधन किती मोठे आणि हे नमुने किती थोडे, याचा विचार व्हावा. ज्या तालुक्यातून खपली गेलीच नाही, तेथील विषाणू कोणत्या वंशाचा होता हे शास्त्रज्ञ कितीही विद्वान असला तरी सांगू शकणार नाही.

यास्तव माझे मत असे की, नमुना देणे हे लसीकरणाइतकेच गावाचे कर्तव्य मानले जावे. गाठ दिसताच जनावर वेगळे बांधून त्याच दिवशी दवाखान्यास कळवावे. बाजार बंद होईल या भीतीने रोग लपवू नये. लपविलेला रोग अधिक काळ बाजार बंद ठेवतो. वाळलेल्या खपलीत हा विषाणू महिनाभर जिवंत राहू शकतो, म्हणून ती स्वतः काढू नये व उकिरड्यावर टाकू नये. नमुना पशुवैद्यानेच घ्यावा आणि तो बर्फात ठेवून पाठवावा. ग्रामस्तरीय कार्यकर्त्यांनी जनावराच्या कानातील बिल्ल्याचा क्रमांक, लस टोचल्याची तारीख आणि जनावर कोठून विकत आणले, या तीन गोष्टी नमुन्यासोबत अवश्य नोंदवाव्यात. लस टोचूनही जनावर आजारी पडले असेल, तर त्याचा नमुना सर्वांत मोलाचा समजावा. लस कोठे कमी पडते, हे त्यातूनच उमगू शकेल.

परंतु कर्तव्य एकतर्फी असू नये. ज्याच्या गोठ्यातून नमुना जातो, त्याला त्याचा निकाल सोप्या मराठीत कळविणे ही आम्हा अधिकाऱ्यांवरील उधारी आहे. निकाल यायला सहा महिने लागले तरी चालेल. पण तो ग्रामसभेत वाचून दाखविला गेलाच पाहिजे. ज्याला उत्तर मिळाले, तो पुढच्या वेळी आपण होऊन दवाखान्यात येईल.

बुळकांडीने आपल्या आजोबा-पणजोबांच्या दावणी ओस पाडल्या होत्या. तो रोग २०११ साली जगातून नाहीसा झाल्याचे जाहीर झाले. लस त्यामागे होतीच. पण रोग दिसताच वर्दी देणारी आणि तपासणीस जनावर पुढे करणारी गावोगावची माणसेही होती. लम्पीच्या बाबतीत ते काम आता रिसोड, मालेगाव, मानोरा, मंगरुळपीर, कारंजा व वाशिम या सहाही तालुक्यांतील गोठ्यांनी करावयाचे आहे.