अ‍ॅडमिन ऑनसाइट गेला तर?

वीकेंडला शिकवायला जाणारं पब्लिक ही एक वेगळीच जमात असते. सोमवार ते शुक्रवार क्लाएंट कॉल, डेडलाइन, अप्रेझलचं टेन्शन... आणि शनिवारी सकाळी मात्र हीच मंडळी महापालिकेच्या एखाद्या शाळेत हातात खडू घेऊन पाचवीच्या पोरांना भागाकार शिकवत असतात. तुमच्यापैकीही बरेच जण असतील त्यात. सॉलिड काम आहे, प्रश्नच नाही! पण या सगळ्या ग्रुप्सची एक दुखरी नस कॉमन आहे. मुलं येतात, वर्ग मिळतो, वडापावचे पैसेही कुणीतरी देतंच. टिकत नाहीत ते शिकवणारे.

त्यात कुणाचा दोष नसतो. कुणाचं लग्न ठरतं, कुणाचा प्रोजेक्ट बदलतो, कुणी ऑनसाइट जातं. माणूस गेला की त्याच्याबरोबर त्याच्या डोक्यातलं सगळंच जातं. भागाकार शेवटी कशाने समजला, कुठलं वर्कशीट पार फसलं, कुठल्या पोराला आकडे येतात पण गणितातली वाक्यंच कळत नाहीत... नवीन माणूस पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो आणि पोरं तेच चॅप्टर तिसऱ्यांदा शिकतात. माझ्या ओळखीतल्या पुण्यातल्या एका ग्रुपची तर दोन वर्षांची वर्कशीट्स एका मुलीच्या ऑफिसच्या अकाउंटवर होती. तिने जॉब बदलला, अकाउंट बंद, खेळ खल्लास!

मग मीटिंग बसते आणि त्यात एखादा टेकी हात वर करतो, ‘मूडल टाकूया ना. फुकट आहे!’

मूडल म्हणजे लर्निंग मॅनेजमेंट सिस्टीम. कोर्स, क्विझ, असाइनमेंट, चर्चा, कोणी किती पूर्ण केलं त्याची नोंद, सगळं एका छपराखाली. हे बनवणाऱ्या मार्टिन डुगियामसची स्टोरी भारी आहे. तो वाढला पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटी भागात, शाळेपासून शेकडो किलोमीटर लांब, त्यामुळे त्याची शाळा भरायची रेडिओवर! पुढे पर्थच्या कर्टिन विद्यापीठात तो ‘वेबसीटी’ नावाचं विकतचं सॉफ्टवेअर सांभाळायचा. त्याला वैतागून त्याने स्वतःचं लिहिलं आणि ऑगस्ट २००२ मध्ये मूडलचं १.० व्हर्जन बाहेर आलं. (नावातला ‘एम’ सुरुवातीला चक्क मार्टिनचा होता. नंतर तो ‘मॉड्युलर’चा झाला.) २००५ मध्ये ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीने मूडल घ्यायचं ठरवलं, तेव्हा मोठमोठ्यांचे कान टवकारले. आणि वेबसीटी? ते २००६ मध्ये ब्लॅकबोर्ड या कंपनीने गिळलं आणि हळूहळू ते नावच पुसलं गेलं.

फंडा इथेच आहे. मूडल फुकट आहे हा त्यातला सगळ्यात बिनमहत्त्वाचा भाग. ते मुक्त आहे हे महत्त्वाचं. जीपीएल लायसन्समुळे कुणीही ते वापरावं, उघडून बघावं, बदलावं, पुढे द्यावं. माणशी लायसन्स फी नाही, त्यामुळे व्हॉलंटिअर वीसचे दोनशे झाले म्हणून सॉफ्टवेअरचं बिल वाढत नाही. सर्व्हर थोडा मोठा घ्यावा लागेल, तेवढंच. उद्या होस्टिंगवाल्याशी वाजलं, तर अख्खी साइट उचलून दुसरीकडे मांडता येते. कंपनीच्या मर्जीवर चालणाऱ्या फुकट टूल्सचं काय होतं, ते गूगलच्या जॅमबोर्डवर फळे रंगवलेल्या शिक्षकांना विचारा. २०२४ च्या अखेरीस तो बंद झाला. ज्यांनी आधीच आपलं सामान हलवलं ते वाचले.

आता फुकटाकडे वळू. भाड्याच्या फ्लॅटमध्ये नळ गळला तर मालकाला फोन करता येतो. मूडल म्हणजे स्वतःचं घर, नळ तुमचा आणि प्लंबरही तुम्हीच! होस्टिंगचे आणि डोमेनचे पैसे भरायचे. वर्षातून दोनदा मोठं व्हर्जन येतं, मध्येमध्ये सिक्युरिटीचे अपडेट येतात, ते टाकायचे. ‘क्रॉन’ नावाचं एक काम सर्व्हरवर दर मिनिटाला चालू राहावं लागतं. फोरमचे मेलच येत नाहीत अशी बोंब झाली की बहुतेकदा तेच सेट केलेलं नसतं. बॅकअपमध्ये डेटाबेस हवा आणि ‘मूडलडेटा’ नावाचं फोल्डरही हवं. नुसता डेटाबेस ठेवला तर अपलोड केलेली सगळी वर्कशीट्स गेलीच म्हणून समजा. हे सगळं करणार कोण? तोच, ज्याने मीटिंगमध्ये हात वर केला होता. म्हणजे सोसायटीच्या सेक्रेटरीचीच पोस्ट ही. ज्याला कळतं त्याच्या गळ्यात, आणि एकदा पडली की सुटका नाही.

आणि नेमका तोच ऑनसाइट गेला तर?

म्हणून माझं स्पष्ट मत: मूडल टाकायचं की नाही हे ठरवण्याआधी दोन अ‍ॅडमिन ठरवा. एक नाही, दोन. पासवर्ड संस्थेच्या ईमेलवर, डोमेन संस्थेच्या नावावर, कुणाच्याही पर्सनल क्रेडिट कार्डावर नाही. आणि वर्षातून एकदा दुसऱ्या अ‍ॅडमिनने पहिल्याची मदत न घेता बॅकअपवरून साइट उभी करून दाखवायची. जमलं तर साइट तुमची, नाही तर ती त्या पहिल्या माणसाची! दोन माणसं मिळत नसतील, किंवा ग्रुपच दहा-बारा जणांचा असेल, तर सरळ संस्थेच्या नावाने एक शेअर्ड फोल्डर काढा आणि मोकळे व्हा. यात कमीपणा काही नाही. दहा माणसांच्या जेवणाला कोणी लग्नाचा हॉल बुक करत नाही.

बरं, टाकलं. पुढे काय? इथे नव्वद टक्के उत्साह पीडीएफ अपलोड करण्यात संपतो. तीनशे फाइल्स, ‘फायनल’, ‘फायनल टू’, ‘फायनल नक्की’... हे गोदाम झालं, शाळा नाही. मार्टिनसाहेबांचा मुळातला विचार असा, की माणूस दुसऱ्यांसाठी काहीतरी तयार करताना चांगलं शिकतो. त्यामुळे मूडलमधल्या साध्यासुध्या फोरमला कमी लेखू नका. प्रत्येक वर्गानंतर पाच ओळी: काय शिकवलं, काय चाललं, काय आपटलं. व्हॉट्सअ‍ॅपवर या ओळी संध्याकाळपर्यंत गुड मॉर्निंगच्या फुलांखाली गाडल्या जातात. इथे ‘भागाकार’ असं शोधलं की गेल्या वर्षीच्या दादाने काय केलं होतं ते सापडतं. पाच ओळी लिहायला भाग पाडणं मात्र मूडलचं काम नाही, ते तुमच्या को-ऑर्डिनेटरचं. रिक्षात बसल्याबसल्या फोनवरून लिहिल्या तरी चालतील, पण त्याच दिवशी.

मूडलची मला सगळ्यात पटलेली गोष्ट म्हणजे ‘रिस्ट्रिक्ट अ‍ॅक्सेस’. अमुक पूर्ण केल्याशिवाय तमुक उघडायचंच नाही, अशी अट घालता येते. ऐकायला बोअरिंग वाटतं, पण विचार करा. वर्गातली एखादी मुलगी तुमच्या नव्या व्हॉलंटिअरला हळूच सांगते, ‘दादा, घरी काका त्रास देतात.’ त्या दादाने काय करायचं? पोक्सो हा २०१२ चा कायदा. लहान मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं किंवा होण्याची शक्यता असल्याचं कळलं, तर ते पोलिसांना कळवणं त्यानुसार प्रत्येकावर बंधनकारक आहे. ‘मी तर फक्त शनिवारी येतो’ असं म्हणून सुटता येत नाही. ही माहिती त्याला वर्गात पाऊल टाकायच्या आधी हवी. ओरिएंटेशनला तो आला होता की ट्रॅफिकमध्ये अडकला होता, हे कुणाच्या लक्षात राहतं? मूडलमध्ये सुरक्षेचा धडा आणि त्याची क्विझ पास झाल्याशिवाय वर्गाचं वेळापत्रकच दिसणार नाही, असं लावून टाका. कोण पास झालं याची तारखेसकट नोंद राहते. नोंदीने मूल सुरक्षित होत नाही, मान्य. पण काय करायचं ते माहीतच नसलेला माणूस वर्गात शिरायचा तरी थांबतो.

रोल्सचंही तेच. सगळ्यांना अ‍ॅडमिन करून ठेवायची आपल्याकडे फार हौस! नवीन माणसाला ‘नॉन-एडिटिंग टीचर’ करा. त्याला सगळं दिसतं, तपासता येतं, पण चुकून अख्खा कोर्स उडवता येत नाही.

एक गोष्ट मात्र टाळाच. मुलांची नावं, फोटो, घरची परिस्थिती या साइटवर टाकू नका. ही साइट शिकवणाऱ्यांची आहे. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती मागितली आहे. कायदा बाजूला ठेवला तरी, पाच ओळींत ‘एका मुलीला’ एवढं पुरतं. तिचं नाव आणि तिच्या वडिलांचं दारूचं व्यसन अनोळखी चाळीस जणांना वाचायला मिळायची काहीच गरज नाही.

हे सगळं वाचून हात शिवशिवत असतील, तर लगेच सर्व्हर विकत घेऊ नका. मूडलवाल्यांचीच सँडबॉक्स नावाची डेमो साइट आहे, ती दर तासाला आपोआप पुसली जाते. त्यामुळे हवं ते मोडातोडा, कुणी ओरडणार नाही. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात मूडलचे छोटे छोटे धडे आहेत, ते बघा. आणि टेस्टिंगला तुमच्या त्या टेकीला बसवू नका. ग्रुपमधल्या रिटायर्ड बाई असतात ना, तीस वर्षं शाळेत शिकवलेल्या, ज्यांना पासवर्ड वहीत लिहून ठेवायची सवय आहे, त्यांना बसवा. हातात फोन द्या, ‘गेल्या आठवड्याचं वर्कशीट शोधा’ म्हणून सांगा आणि गप्प बसून बघा. त्या कुठे अडतात ते लिहून काढा. त्यातलं निम्मं तरी साधं केल्याशिवाय बाकीच्यांना लिंक पाठवू नका.