'रिप्लेस ऑल' दाबण्याआधी ओळी मोजा

२०२४ मध्ये आपल्या जिल्ह्याचं नाव अहमदनगरचं अहिल्यानगर झालं. मग लेटरहेड, बिलबुक, ग्राहकांची यादी, सगळीकडे नाव बदलायचं काम निघालं. बरेच जण काय करतात? फाइल उघडतात आणि 'रिप्लेस ऑल' दाबून मोकळे होतात. माझं स्पष्ट मत आहे, असं करू नका.

समजा तुमच्या विक्रीची टेक्स्ट फाइल आहे, एका बिलाची एक ओळ. पहिली ओळ शीर्षकाची, २ ते २०० जुनी बिलं, २०१ पासून नवी. जुनं बिल ज्या नावाने फाडलं, त्याच नावाने राहू द्या. उद्या सीएने कागद मागितला तर ग्राहकाकडची प्रत आणि तुमची फाइल जुळायला नको का?

इथे 'सेड' कामाला येतं. १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये बनलेलं हे टूल लिनक्स आणि मॅकमध्ये असतंच, विंडोजवर डब्ल्यूएसएल टाकून मिळतं. खर्च शून्य.

आधी फक्त बघा (टाइप करताना अक्षरं आणि आकडे इंग्रजीत):

सेड -एन '२०१,३५०पी' विक्री.टीएक्सटी

'पी' म्हणजे ओळ दाखव. '-एन' म्हणजे न सांगता काही दाखवू नको. ते विसरलात तर अख्खी फाइल दिसेल आणि निवडलेल्या ओळी दोनदा येतील. शेवटपर्यंत हवं असेल तर ३५० च्या जागी डॉलरचं चिन्ह.

ओळी बरोबर दिसल्या? मग '-एन' काढा, 'पी'च्या जागी बदल लिहा आणि निकाल नव्या फाइलमध्ये घ्या:

सेड '२०१,३५०एस/अहमदनगर/अहिल्यानगर/जी' विक्री.टीएक्सटी > नवी.टीएक्सटी

मूळ फाइलला धक्का लागत नाही.

दोन गोष्टी मात्र सांभाळा. ओळ क्रमांक म्हणजे बिल क्रमांक नव्हे. यादी सॉर्ट केली किंवा मध्ये एक ओळ घातली, की आकडे सरकतात. म्हणून दर वेळी आधी बघायचं. दुसरं, ग्राहकाच्या फर्मच्या नोंदणीतच जुनं नाव असेल, तर ते बदलायचा हक्क त्याचा, आपला नाही.

कमांड शिकायला दहा मिनिटं लागतात. दीडशे चुकीची बिलं निस्तरायला किती दिवस जातील, तुम्हीच हिशेब करा. आजच जुन्या फाइलची एक कॉपी काढा आणि तिच्यावर हात साफ करा.