यक्षाचा ढग आणि कपाळावरचा दिवा

आषाढात रामटेकच्या गडावर ढग टेकले की कालिदासाच्या यक्षाचा विषय निघतोच. ‘मेघदूता’तला रामगिरी तो हाच, असे संस्कृत पंडित वा. वि. मिराशींनी हिरिरीने मांडले. वर्षभराची हद्दपारी भोगणारा यक्ष ढग पाहून व्याकूळ होतो. विरह म्हणजे आजार नव्हे. पण आभाळाचे मनाशी असलेले नाते पुढे वैद्यकानेही मान्य केले.

1984 मध्ये अमेरिकेत नॉर्मन रोझेन्थाल आणि सहकाऱ्यांनी हिवाळ्यात उद्भवणाऱ्या नैराश्याचे वर्णन केले आणि त्यावर प्रखर प्रकाशाचा उपचार सुचवला. आज त्याची रूढ मात्रा म्हणजे सकाळी अर्धा तास 10,000 लक्सच्या दिव्यासमोर बसणे. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, 122 रुग्णांवरील कॅनडातल्या चाचणीत ऋतूशी संबंध नसलेल्या नैराश्यातही तो उपयोगी दिसला.

प्रकाशोपचाराची दुसरी वाट जास्त धिटाईची. इथे डोळ्यांचे कामच नाही. कपाळावरून थेट मेंदूकडे अवरक्त किरण सोडायचे. पेशींतले सायटोक्रोम सी ऑक्सिडेज हे विकर ते शोषते आणि पेशीची ऊर्जानिर्मिती वाढते, असा तर्क. अडचण कवटीची! तिच्यातून फारच थोडा प्रकाश आत शिरतो. बोस्टनच्या संशोधकांची 2018 ची चाचणी आशादायक ठरली, पण रुग्ण अवघे 21. तेवढ्या भरवशावर असे किरण सोडणारे बाजारातले महागडे हेल्मेट घेण्याची घाई कशाला?

त्यापेक्षा अंगणात बसावे: घरातल्या दिव्याखाली जेमतेम काहीशे लक्स मिळतात, ढगाळ अंगणात हजारो. मात्र अंगणात बसूनही उदासी हटत नसेल, तर ‘टेली-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा 14416 हा मोफत क्रमांक दिवसरात्र सुरू असतो. तिथे मराठीतही बोलता येते.