बाहेर पडणाऱ्याचे काय होते?

धर्माचरणाचे विधी आणि माणसाचे मन नकळत ताब्यात घेण्याच्या युक्त्या यांत साम्य आहे काय, हा प्रश्न निघाला की श्रद्धावान मनुष्य तो ऐकताच दुखावतो, बुद्धिवादी मनुष्य त्याचे उत्तर आधीच ठरवून बसलेला असतो, आणि त्यामुळे त्याची जी शांतपणे छाननी व्हावयास पाहिजे ती राहूनच जाते. माझ्या मते साम्य आहे, आणि ते नाकारण्यात श्रद्धेचे काही हित नाही. गावोगाव होणारा अखंड हरिनाम सप्ताहच पाहावा. रात्रीचा जागर, एकादशीचा उपवास, एकाच नामाची अविरत आवृत्ती, शेकडो टाळांचा एकच ठेका आणि त्या ठेक्याबरोबर हळूहळू एक होत जाणारा सर्वांचा श्वास, यांतील प्रत्येक गोष्ट मनाची चिकित्सक वृत्ती शिथिल करते व व्यक्तीला समूहात विरघळवून टाकते. एमिल द्युर्केम या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने १९१२ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात अशा सामूहिक भावावेगातच धर्माची मुळे शोधली होती. परंतु हीच साधने पलटणीच्या कवायतीत आहेत, शाळेच्या प्रार्थनेत आहेत, राजकीय पक्षांच्या मिरवणुकीत आहेत. केवळ साधनांवरून कोणास दोषी ठरवावयाचे म्हटले तर मनुष्याचे सारे समूहजीवनच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करावे लागेल. म्हणून मी कसोटी निराळी लावतो: विधीत सामील न होणाऱ्याचे, किंवा सामील होऊन नंतर बाहेर पडणाऱ्याचे, पुढे काय होते?

या कसोटीवर वारी कशी उतरते ते पाहण्यासारखे आहे. आळंदीहून निघालेली ज्ञानेश्वर महाराजांची पालखी मुक्कामाच्या तळावर पोहोचली की समाज आरतीसाठी दिंड्या उभ्या राहतात, चोपदार आपला दंड उंचावतो, आणि क्षणापूर्वी आसमंत दणाणून सोडणारे टाळ-मृदंग एकदम शांत होतात. हजारो माणसे एका दंडाच्या इशाऱ्यावर गप्प होतात, याहून एकविधतेचा मोठा दाखला कोणता द्यावा? परंतु ज्या दिंडीचे काही गाऱ्हाणे असेल ती दिंडी त्या शांततेतही आपले टाळ वाजवीतच राहते; चोपदार तिच्यापाशी जातो, तिची कैफियत ऐकून घेतो आणि तिची दखल घेतल्यावर मगच आरती होते. संपूर्ण समुदायाच्या मौनात एका लहान गटाला आवाज करण्याचा अधिकार असावा, आणि तोही दस्तूर म्हणून पिढ्यान्‌पिढ्या पाळला जावा, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. ज्याला या वर्षी जावयाचे नाही तो घरी राहतो. म्हणून त्याच्या मुलीचे लग्न मोडत नाही. याच वारकरी पंथाच्या दैवताच्या मंदिरात मात्र अस्पृश्य मानलेल्या भक्तांना १९४७ पर्यंत मज्जाव होता व तो उठावा म्हणून साने गुरुजींना पंढरपुरात उपोषण करावे लागले, हेही येथेच नमूद केले पाहिजे. वाटेवर मोकळा असणारा समूह दाराशी कठोर होऊ शकतो.

त्या कठोरपणाचे सर्वांत प्रखर स्वरूप आपल्याकडे बहिष्कारात दिसते. पुण्यात १८९० साली पंचहौद या ख्रिस्ती मिशनमधील एका समारंभात न्यायमूर्ती रानडे, टिळक प्रभृती मंडळींपुढे चहा व बिस्किटे ठेवण्यात आली. उपस्थितांची नावे वर्तमानपत्रात छापली गेली, ग्रामण्य, म्हणजे जातिबहिष्काराचा वाद, उभे राहिले आणि प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. एक पेला चहा हा अपराध, आणि शिक्षा अशी की घरी श्राद्धास भिक्षुक येऊ नये, सोयरिकी जुळू नयेत, सासुरवाशिणीला माहेर दुरावावे. सरकारदरबारी एवढा अधिकार असलेल्या रानड्यांनीही अखेर १८९२ साली प्रायश्चित्त घेतले, आणि ते मित्रांच्या अडचणींकडे पाहून घेतले. दडपणाची खरी रचना येथे उघड होते. ते ज्याच्यावर आणावयाचे त्याच्यावर थेट येत नाही, त्याच्या आईवर, बहिणीवर, स्नेह्यांवर येते. ज्याला स्वतःच्या हालांची पर्वा नाही तो माणूसही इतरांचे हाल पाहून नमतो. पुढच्याच वर्षी, १८९३ मध्ये, धोंडो केशव कर्वे यांनी विधवेशी विवाह केला तेव्हा त्यांच्या मुरूड गावानेही हेच शस्त्र उगारले आणि त्याची झळ त्यांच्या घरच्यांना सोसावी लागली.

ज्या समाजशक्तीपुढे रानड्यांसारखे थोर पुरुष नमले तिची प्रयोगशाळेत परीक्षा घेणारा मानसशास्त्रज्ञ म्हणजे अमेरिकेतील सॉलोमन ॲश. कागदावरील रेघांपैकी कोणत्या दोन समान लांबीच्या, एवढाच साधा प्रश्न त्याने विचारला. परंतु खोलीतील इतर सर्व माणसे त्याने आधीच पढवून ठेवलेली होती आणि ती ठरल्याप्रमाणे एकमुखाने चुकीचे उत्तर देत. १९५१ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगांत सुमारे तीन-चतुर्थांश व्यक्तींनी निदान एकदा तरी डोळ्यांना धडधडीत दिसणारे सत्य सोडून बहुमताची री ओढली. तेथे ना देवाच्या कोपाचे भय होते, ना लेकीबाळींच्या लग्नाची चिंता. अनोळखी माणसांत वेगळे पडण्याचा संकोच तेवढा होता. मग ज्या समूहात जन्म, विवाह आणि अंत्यसंस्कार या तिन्ही गोष्टी पंचांच्या हाती असतात, तेथे एकट्या माणसाने ठाम राहावे ही अपेक्षा आपण कोणत्या तोंडाने करावी? त्याच प्रयोगात ॲशला आणखी एक गोष्ट आढळली, आणि तिच्याकडे मी वाचकांचे विशेष लक्ष वेधू इच्छितो: खोलीत एक, केवळ एक, मनुष्य खरे उत्तर देणारा ठेवला की बहुमतापुढील ही शरणागती कमालीची कमी होई.

कायद्याने बहिष्काराच्या बाबतीत हात घातला नाही असे नाही. मुंबई प्रांताने १९४९ साली बहिष्कृत करण्यास प्रतिबंध करणारा कायदा केला. दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंनी त्यास आव्हान दिले आणि १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने तो रद्द ठरविला, कारण धर्मकार्याचे व्यवस्थापन करण्याच्या पंथाच्या अधिकारात बहिष्काराचा अधिकारही येतो असे बहुमतास वाटले. एकटे सरन्यायाधीश सिन्हा यांनी भिन्न मत नोंदविले व बहिष्कृताच्या मानवी प्रतिष्ठेची बाजू घेतली. मला सरन्यायाधीशांचे मत ग्राह्य वाटते. पंथाचे स्वातंत्र्य हे व्यक्तीच्या सदसद्विवेकाच्या स्वातंत्र्यातूनच निघते, आणि ज्यातून ते निघाले त्याचाच गळा आवळण्यासाठी ते वापरता येणार नाही. हा वाद २०२३ साली नऊ न्यायाधीशांच्या पीठाकडे सोपविण्यात आला आहे.

महाराष्ट्राने मात्र २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा केला आणि तो जुलै २०१७ पासून अंमलात आहे. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. परंतु ज्यांनी वाळीत टाकले ते सारे एकाच गावचे, एकाच भावकीचे. त्यांच्याविरुद्ध जबानी द्यावयास कोण पुढे येणार? कायद्याचे बळ अखेर साक्षीदारापाशी येऊन थांबते. तेव्हा वाचकहो, तुमच्या गावात, वाडीत, जातीत किंवा जमातीत एखादे घर वाळीत पडले असेल तर त्या घरी दिवसाढवळ्या जा, त्यांच्या कार्याला हजर राहा, आणि ते फिर्याद द्यावयास निघतील तेव्हा साक्षीदार म्हणून आपले नाव लिहून द्या.